झाकणाचा दिवस

माझ्या नवऱ्याला, गेलनला, पुरायचं होतं त्या सकाळी डॉइल माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, आज झाकण घट्ट आहे, अंधार पडेपर्यंत काही होत नाही, तू काळजी करू नकोस. मी कसलीच काळजी करत नव्हते. आठवडाभर मला भूक लागली नव्हती. झोप येत होती, आणि झोपून उठल्यावर पुन्हा झोपच येत होती. घरात येणारा प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता, आता रडेल, मग रडेल म्हणून. डॉइलही तसाच बघत होता. तो आमच्या गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, म्हणजे एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि कुठे आग लागली की हातातलं काम टाकून धावणारा. गेलनचा शाळेपासूनचा मित्र. त्याने टाय बांधला होता आणि सारखा बोट घालून तो सैल करत होता. मी त्याला कॉफी दिली. साखर घालायची विसरले, तरी तो मुकाट्याने प्यायला.

आमच्याकडे, पश्चिम ओक्लाहोमात, मे महिन्यात हवेच्या गप्पा कोणी वेळ घालवायला मारत नाही. झाकण म्हणजे काय हे इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. दक्षिणेच्या समुद्राकडून ओली, चिकट हवा येते आणि जमिनीलगत पसरते. तिच्या डोक्यावर पश्चिमेच्या पठारावरची कोरडी, तापलेली हवा येऊन बसते. खालची हवा उन्हाने गरम होऊन वर जायला बघते, पण वरची तिच्याहून गरम असते, ती तिला वर येऊ देत नाही. हेच झाकण. गेलन हे जेवताना वाटाणे आणि कुस्करलेला बटाटा घेऊन समजावून सांगायचा, आणि तेवढ्यात माझं जेवण गार व्हायचं.

तो म्हणायचा, झाकण नसलं तर भ्यायचं कारण नाही. सकाळपासून वाफ थोडी थोडी निघून जाते, दुपारी चार थेंब पडतात, संपलं. झाकण फारच घट्ट असलं तरी भ्यायचं कारण नाही. दिवसभर निळं आभाळ, भाजलेली मान, आणि रिकाम्या हाताने घरी. भ्यायचं ते मधल्या झाकणाला. ते दिवसभर टिकतं, खाली सगळं साठू देतं, आणि दुपार कलताना एखाद्याच ठिकाणी फुटतं. मग चार जिल्ह्यांची वाफ त्या एका भोकातून वर जाते.

आता कोणाला वाटेल, ही बाई स्वतःबद्दलच सांगते आहे. आत सगळं दाबून बसली होती वगैरे. लिओटाला तसंच वाटत होतं. लिओटा म्हणजे गेलनची थोरली बहीण. ती मंगळवारपासून माझ्याकडेच राहायला आली होती आणि दोघींच्या वाटचं एकटीच रडत होती. "रड गं ट्वायला, थोडं थोडं बाहेर येऊ दे," असं ती मला रोज सांगायची, सर्दीवर औषध सांगावं तसं. पण माझ्यात काही साठलेलंच नव्हतं. भांडं रिकामं होतं. हे तिला सांगून पटलं नसतं म्हणून मी बशा पुसत राहायचे.

गेलन गेला तो दिवसही झाकणाचाच होता. तो गावातल्या धान्याच्या कोठारावर काम करायचा, आणि हवा बिघडली की पश्चिमेच्या टेकडीवर पिकअप नेऊन ढगांवर नजर ठेवायचा. आमच्या गावात असे सहाजण होते, सगळे अग्निशमन दलातले, कोणी पगारी नाही. ढगाखाली टॉर्नेडोची सोंड फिरताना दिसली की ते रेडिओवर कळवायचे आणि मग गावात भोंगा वाजायचा. त्या मंगळवारी झाकण फुटलंच नाही. बाकीचे कंटाळून खाली आले. गेलनची गाडी वरच राहिली. लोकांना वाटलं, हा अजून बघतोय, याचं नेहमीचंच आहे. मलाही तसंच वाटलं आणि मी चिडून एकटीच जेवून घेतलं. शेवटी डॉइल त्याला हाक मारायला वर गेला. दुर्बीण मांडीवर होती, काच खाली केलेली होती आणि आभाळात एक ढग नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्यानंतर मरणाचा शब्द कोणी तोंडातून काढला नाही. ब्रदर एल्डन, आमचे पाद्री, म्हणाले की गेलन घरी गेला. शेजारणी डिश झाकून आणायच्या आणि म्हणायच्या, तो आपल्याला सोडून गेला. वीज कंपनीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, ते आता इथे नसतात. पलीकडची मुलगी म्हणाली, मग मी संध्याकाळी करू का? मी म्हटलं, करा.

प्रार्थना दुपारी होती. चर्चच्या दारात ब्रदर एल्डननी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितले, आणि आमचे लोक सांगितलेलं ऐकणारे, सगळ्यांनी खरोखर बंद केले. पेटीला खांदा द्यायला सहाजण होते, डॉइल आणि त्याचे पाच. गेलन एरवी त्यांच्यातलाच एक. त्याच्या जागी त्याचा पुतण्या उभा राहिला. म्हणजे त्या दिवशी टेकडीवर आमच्या गावचा एकही माणूस नव्हता. डॉइलने शेजारच्या जिल्ह्यातल्या लोकांना तिकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते काही दिसलं तर फोन करणार होते. कुठल्या फोनवर, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बाहेर आलो तर हवा अंगाला चिकटत होती. वारा आग्नेयेकडून चांगला जोरात येत होता. आभाळात कापसाचे बोळे होते, सगळ्यांचे माथे सपाट, कोणी वरून तळहाताने दाबल्यासारखे. डॉइलने मान वर करून बघितलं, मग माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे झाकण आहे, ठीक आहे. ते मलाही दिसत होतं. गेलनबरोबर राहून राहून मला आभाळ वाचता येत होतं, पण त्या दिवशी मी ते बंद दुकानाच्या पाटीसारखं वाचत होते, आत जायचंच नव्हतं.

दफनभूमी वायव्येला, बारा मैलांवर. गेलनचे आईबाप तिथे आहेत. पुढे पेटीची काळी गाडी, ती प्रुइट चालवत होते. प्रुइटांचं घराणं तीन पिढ्या आमच्या भागातली माणसं पुरतंय, आणि त्यांतल्या एकानेही गाडी कधी घोड्याच्या चालीपेक्षा जोरात नेलेली नाही. तिच्यामागे लिओटाची गाडी, शेजारी मी. आमच्या मागे खांदेकऱ्यांच्या दोन पिकअप, मग ब्रदर एल्डन, मग गेलनची भाची जनेल आणि तिचं तान्हं बाळ, मग बाकीचं गाव. सगळ्यांचे दिवे लावलेले.

अशा रांगेत कोणी कोणाला ओलांडत नाही, आणि मधूनच कोणी बाहेर पडत नाही. समोरून येणारा प्रत्येकजण आपली गाडी गवतात उतरवून थांबतो. ट्रकवाले थांबतात. नांगरणारा माणूस ट्रॅक्टर बंद करून टोपी काढतो, मग पेटीत कोण आहे हे त्याला माहीत असो नसो. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. रांग मोडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता, आणि कोणी मोडली असती तर त्याच्या नातवंडांना ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

लिओटा बोलत होती. फुलं छान होती, गाणं जरा लांबलं, जेवणाला कोणी दोन हॅम आणलेत, आता एवढं कोण खाणार. मी खिडकीतून बघत होते. पश्चिमेला एक बारीक ढग वर निघाला, थोडा उंच गेला, वाकडा झाला आणि विरून गेला. थोड्या वेळाने दुसरा, त्याचंही तेच. झाकणाला धडका देत होते. मग त्यांच्या डावीकडे एक उठला, तो वाकला नाही. त्याच्या कडा फुलकोबीसारख्या कडक होत्या आणि तो बघता बघता वर चालला होता.

आमच्यात एक खेळ होता. झाकण फुटलेलं जो आधी बघेल आणि बोलून दाखवेल, त्याने त्या रात्री भांडी घासायची नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासूनचा खेळ. गेलन बहुतेक वेळा जिंकायचा आणि मग मी त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करायचे.

"गेलन, फुटलं," मी म्हटलं. "भांडी तुझी."

लिओटा बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग समोर. समोर काळ्या गाडीची मागची काच होती आणि आतून राखाडी पडदे ओढलेले होते. मी उत्तराची वाट बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मी खरंच वाट बघत होते. तो काहीतरी म्हणेल, मी म्हणेन तुझं लक्ष नव्हतं, तो म्हणेल होतं. मग माझ्या लक्षात आलं की आज हे बघणारी मी एकटीच आहे. लिओटाला आभाळातलं ओ की ठो कळत नाही, ती शहरात राहते.

मी तुम्हाला सांगते, तेव्हाही मला काही झालं नाही. ढग वाढत होता आणि मी तो बघत होते. त्याचा माथा वर कुठेतरी आडवा पसरायला लागला होता, आमच्या डोक्यावरून पुढे, आणि ऊन गेलं. खालचा भाग काळा पडला. रस्त्याकडेचं गवत पार झोपलं होतं, सगळं त्याच्या दिशेने. वारा आम्हाला मागून ढकलत होता, म्हणजे ढग हवा ओढून घेत होता. तो ईशान्येला सरकत होता. आम्ही वायव्येला चाललो होतो. दोघांच्या वाटा कुठे भेटतील हे शाळेतल्या गणितासारखं सोपं होतं. मी ते गणित केलं आणि मनात म्हटलं, बरं. भेटतील तर भेटतील. मला पुढे कुठे जायचं होतं असंही नव्हतं.

लिओटाने दोन्ही हातांनी चाक धरलं. "ट्वायला," ती म्हणाली, "ते तिकडचं... आपण पुढे जायचं ना?"

"जायचं," मी म्हटलं.

मग मी आरशात बघितलं, का ते माहीत नाही. मागे दिवे होते. सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर, अजिबात न हललेले. पहिल्या पिकअपमध्ये डॉइलचा चेहरा दिसत होता. त्याने निम्मं आयुष्य ढग बघण्यात घालवलंय. त्याच्या शेजारी आणि मागे बसलेल्यांनीही. मला जे दिसत होतं ते त्यांना माझ्याआधी दिसलं असणार. आणि तरी डॉइल आभाळाकडे बघत नव्हता, माझ्या मानेकडे बघत होता. मागच्या गाड्यांमधले डॉइलच्या गाडीकडे बघत असणार. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणीही रांग मोडणार नव्हतं, कारण पेटीमागची पहिली गाडी माझी होती आणि माझा नवरा पुढे होता. मी जिथे जाईन तिथे ते माझ्यामागे येणार होते. जनेल बाळाला घेऊन येणार होती. नुसत्या भिडेपायी.

मला त्यांचा राग आला. इतका की कानशिलं तापली. मूर्ख कुठले. आठवडाभरात मला आलेलं ते पहिलं काहीतरी होतं, आणि ते गेलनबद्दल नव्हतं, डॉइलच्या टायबद्दल आणि त्या सरळ रांगेतल्या दिव्यांबद्दल होतं.

"पुढे काढ," मी लिओटाला म्हटलं.

"काय?"

"गाडी पुढे काढ. प्रुइटांना ओलांड."

"गेलनला ओलांडू?" तिचा आवाज चिरकला. "अगं, तुझं डोकं फिरलंय का? लोक काय म्हणतील?"

"लिओटा, तू काढ नाहीतर मी चाक ओढते."

तिने हॉर्न वाजवला. अंत्ययात्रेत हॉर्न. मग डोळे मिटल्यासारखं करून तिने गाडी डावीकडे घेतली आणि आम्ही काळ्या गाडीच्या बाजूने पुढे सरकलो. ती गाडी फार लांब असते. बाजूच्या काचेलाही पडदा होता, त्यामागे पेटी होती, आणि माझ्या खांद्यापासून तो हातभर अंतरावर असेल. मग प्रुइटांचं तोंड दिसलं, उघडंच्या उघडं. पुढे उजवीकडे जुन्या शाळेचा फाटा होता. शाळा कधीच बंद पडली, भिंतीही उरल्या नाहीत, पण पोरांसाठी खणलेलं वादळाचं तळघर तसंच आहे. सबंध शाळा मावायची त्यात. मी लिओटाला गाडी रस्त्यात आडवी लावायला लावली.

प्रुइटांनी काच खाली केली. "बाई," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "दफनभूमी सरळ आहे."

तोवर डॉइल धावत आला होता. त्याला काही सांगायला लागलं नाही. मी तळघराकडे बोट केलं आणि त्याने मागे वळून दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. सगळ्या गाड्यांची दारं एकदमच उघडली. सगळे दारावर हात ठेवूनच बसले होते.

"मी वाट बघत होतो," डॉइल म्हणाला.

"कशाची?"

"तुझी."

लोक गवतातून धावत सुटले. ब्रदर एल्डन एका म्हातारीला जवळजवळ उचलून नेत होते. जनेल बाळाला कोटाखाली घेऊन धावत होती. लिओटाच्या एका पायातला बूट राहिला. पहिली गार आमच्या गाडीच्या टपावर पडली आणि टप खोलगट झाला. लिंबाएवढी असेल. मग दुसरी. मी तळघराच्या दाराशी उभी राहून माणसं आत ढकलत होते. शेवटचे आत गेल्यावर मागे बघितलं, तर ते सहाजण येतच नव्हते.

त्यांनी काळ्या गाडीचं मागचं दार उघडून पेटी बाहेर काढली होती. तिघे इकडे, तिघे तिकडे, गारा डोक्यात बसताहेत, पुतण्याच्या कपाळातून रक्त येतंय, आणि ते पावलाला पाऊल लावून येत होते. चर्चमध्ये सकाळी सराव केला होता तसं. उजवा, थांब, डावा, थांब. त्यांच्यामागे नैऋत्येला ढगाचं बूड खाली आलं होतं आणि त्यातून मातीच्या रंगाची एक जाड सोंड जमिनीला टेकली होती.

"ठेवा ती खाली," मी ओरडले.

"होईल, आणतो आम्ही," डॉइल म्हणाला. "गेलनला रस्त्यात टाकून नाही येणार."

मी त्यांच्याकडे चालत गेले. माझ्या खांद्यावर एक गार बसली, तिचा वळ अजून आहे. मी पेटीवर हात आपटला.

"हा गेलन नाही. गेलन मेलाय. ऐकलंस का डॉइल? मेलाय तो. टेकडीवर मेला, मंगळवारी. आता त्याला काही होत नाही. ठेवा खाली आणि पळा."

 डॉइलने बाकीच्यांना खूण केली. त्यांनी पेटी गवतात ठेवली, आणि त्यातही ती तिरकी पडली म्हणून पुतण्या सरळ करायला वाकला. डॉइलने त्याची कॉलर धरून त्याला ओढलं. आम्ही धावलो.

त्या तळघराचं दार लोखंडी आहे, उतरत्या पायऱ्यांवर झाकलेलं, आणि आतून त्याला एक साखळी आहे. कडी कधीच गंजून गेली. सगळ्यात शेवटी जो आत येतो त्याने साखळी धरायची. शेवटची मी होते. डॉइलने हात पुढे केला, पण साखळी माझ्या हातात होती आणि मी ती सोडली नाही.

आत मिट्ट काळोख, ओल्या मातीचा वास, आणि माणसांचे श्वास. दारावर गारा पडत होत्या तेव्हा कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. मग गारा एकदम थांबल्या. बाळ रडताना ऐकू आलं. ब्रदर एल्डन काहीतरी पुटपुटत होते. सोंड अगदी जवळ आली की गारा अशा थांबतात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि जो तो पायऱ्यांपासून आणखी मागे सरकला.

मग आवाज आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. जो ऐकतो त्याला ते लागत नाही, आणि न ऐकलेल्याला ते कळत नाही. कान दुखायला लागले. दार वर ओढलं जायला लागलं. आधी नुसतं थरथरलं, मग बोटभर उचललं गेलं, फटीतून हिरवट उजेड आला आणि धूळ बाहेर खेचली जाताना दिसली. मी साखळी मनगटाभोवती गुंडाळली, पाय पायरीच्या कडेला रोवले आणि सगळं अंग मागे टाकलं. आठवडाभर मला कॉफीची किटली उचलायचं जिवावर येत होतं. डॉइलने मागून माझ्या कमरेला मिठी मारली, त्याला आणखी कोणीतरी धरलं. दार पुन्हा उचललं गेलं. मी ते पुन्हा ओढलं. मी काय ओरडत होते ते मला माहीत नाही. जनेल नंतर म्हणाली, तू शिव्या देत होतीस, आणि त्या तुला येतात हे आम्हाला माहीत नव्हतं.

थांबल्यावर माझ्या मुठी उघडेनात. डॉइलने एकेक बोट सोडवलं.

वर आलो तर ऊन पडलं होतं. काळी गाडी उलटून शेतात पडली होती, चाकं वर. लिओटाची गाडी दिसतच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सापडली. आमच्यापुढे साधारण पाव मैलावर रस्ता आडवा कापला गेला होता. तेवढ्या पट्ट्यात डांबर उचकटून गेलं होतं आणि खालची लाल माती दिसत होती. प्रुइटांच्या चालीने आम्ही त्या वेळी बरोबर तिथे असतो. हे सगळ्यांनी बघितलं. जनेल रस्त्यातच खाली बसली.

पेटी जिथे ठेवली तिथून थोडी सरकून कुंपणाला टेकली होती. बंद होती. वरून खालपर्यंत गारांचे खळगे पडले होते, एक बोटभर जागा सपाट राहिली नव्हती. प्रुइट तिच्याभोवती फिरून आले. त्यांच्या कोटाची एक बाही गेली होती. ते म्हणाले की अशा पेटीत पुरणं त्यांच्या घराण्याला शोभणार नाही, उद्या ते दुसरी देतील. मी म्हटलं, आजच. तेव्हा डॉइलच्या पिकअपमध्ये, मागच्या उघड्या भागात पेटी चढवली, आणि आम्ही मैलाभर मागे जाऊन मातीच्या आडरस्त्याने वळसा घालून गेलो. ज्यांच्या गाड्या उरल्या होत्या ते बाकीच्यांना घेऊन आले. दिवे फुटलेले होते, पण रांग तशीच लागली.

दफनभूमीतली झाडं शाबूत होती. तिथे पाऊससुद्धा पडला नव्हता, गवत कोरडं होतं. ब्रदर एल्डन बोलायला लागले, ज्याने आज आम्हा सर्वांना वाचवलं वगैरे. लोक माझ्याकडे बघत होते, आता वेगळ्या नजरेने. एकजण जवळ येऊन कुजबुजला, गेलनला तुझा अभिमान वाटला असता. मी मान हलवली. माझा फक्त खांदा दुखत होता.

लिओटा एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून माझ्या शेजारी उभी होती. पेटी खाली जात असताना तिने माझा हात हातात घेतला, आणि माझा तळवा तिला ओला लागला. तिने तो उलटा करून बघितला. साखळीच्या कड्या मांसात उमटल्या होत्या, मनगटाची सालपटं निघाली होती.

"केवढं घट्ट धरलं होतंस गं दार," ती म्हणाली.

धरलं होतं. तो बाहेर गवतात होता आणि मी दार आतून ओढून धरलं होतं, हाडं सुटेपर्यंत. बाकीच्यांसाठी म्हणाल तर साखळी धरायला डॉइल होता, मला बाजूला होता आलं असतं. मी झाले नाही. त्या वेळी माझ्या मनात जनेल नव्हती, बाळ नव्हतं आणि गेलन तर नव्हताच. मला फक्त ते दार बंद राहायला हवं होतं आणि मला त्याच्या आतल्या बाजूला राहायचं होतं. आठवडाभर मी समजत होते की आता मला काही नको आहे. पण मला हवं होतं, आणि ते त्याच्याशिवाय हवं होतं.

याची मला फार लाज वाटली. तिथे त्या खड्ड्याच्या काठाशी, सगळ्या गावासमोर, मी तोंड उघडून रडले, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत. लिओटाने मला कुशीत ओढलं आणि ती माझी पाठ थोपटत म्हणत राहिली, रड बाई, रड, किती गं प्रेम होतं तुझं त्याच्यावर.